चोवीसची संध्याकाळ आणि तिच्या आधीचे चार रविवार

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसाचा पहिला नाताळ बहुधा एका दिवसाने चुकतो. डोक्यात पंचवीस डिसेंबर पक्का बसलेला असतो. चोवीसला दुपारी तीनच्या सुमारास तो निवांत पिशवी घेऊन निघतो, तर रस्त्यावर सामसूम. दुकानं दोनलाच बंद झालेली असतात. इथला खरा सण चोवीसच्या संध्याकाळी, अंधार पडला की होतो. त्या संध्याकाळला हायलिगाबेंड म्हणतात. पंचवीस आणि सव्वीस या दोन्ही दिवशी सरकारी सुट्टी असते, पण ते दिवस खाण्याचे आणि नातेवाइकांकडे जाण्याचे. गंमत अशी की ज्या दिवशी सण असतो तो चोवीस तारखेचा दिवस कायद्याने सुट्टीचा नाहीच. काही कंपन्या तो पूर्ण देतात, काही चोवीस आणि एकतीस मिळून एक रजा कापतात. हे नोव्हेंबरातच विचारून ठेवावं.

२०२६ साली चोवीस गुरुवारी येते. म्हणजे शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि पुढचा रविवार, त्या दिवशी दुकानं एरवीही बंदच. सलग तीन दिवस दूध मिळणार नाही. पेट्रोल पंपावर काहीबाही मिळतं, पाळीवरचं औषधाचं दुकान उघडं असतं, बाकी काही नाही. त्यामुळे या सणाचं सगळं काम चोवीसच्या संध्याकाळपासून उलटं मोजत करावं लागतं. पुढे लिहिलंय ते स्टुटगार्टच्या आसपासच्या, म्हणजे श्वाबियन घरांतल्या रीतीप्रमाणे. इतरत्र काही वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

मोजणी आडव्हेंटपासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपासून, सुरू होते. चोवीसच्या लगेच आधीचा, किंवा नेमका चोवीसलाच येणारा, रविवार हा चौथा आडव्हेंट. तिथून मागे तीन रविवार गेलं की पहिला. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीही पडतो. २०२३ मध्ये चौथा आडव्हेंट आणि हायलिगाबेंड एकाच दिवशी आले होते. सकाळी चौथी मेणबत्ती आणि संध्याकाळी झाड, अशी सगळ्यांची धांदल उडाली. २०२८ मध्ये पुन्हा तेच होणार आहे. पहिल्या आडव्हेंटच्या आधीचा रविवार हा टोटेनझोनटाग, प्रोटेस्टंट लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. तो होईपर्यंत खिडकीत दिवे लावू नयेत, असं जुन्या पिढीला अजून वाटतं आणि बहुतेक ठिकाणचे नाताळबाजारही तोपर्यंत थांबतात. सुपरमार्केट मात्र सप्टेंबरातच लेबकूखेनची, म्हणजे नाताळच्या मसालेदार गोड बिस्किटांची, पाकिटं मांडतं. लोक नावं ठेवतात आणि घेतात.

आडव्हेंटचं कडं, म्हणजे चार मेणबत्त्यांचं हिरवं वर्तुळ, हाम्बुर्गच्या योहान हिनरिश विखर्न यांनी १८३९ मध्ये आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी लावलं. त्यांचं कडं बैलगाडीच्या चाकाएवढं होतं. रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, त्याचं हे उत्तर. घरात चार मोठ्याच उरल्या. घरी बांधायचं तर ३० सेंटिमीटरची गवताची गोल चुंबळ, बारीक हिरवी तार आणि दीडदोन किलो फांद्या लागतात. फांद्यांचे वीतभर तुकडे करायचे, तीन-तीनची जुडी चुंबळीवर ठेवून तार घट्ट फिरवायची आणि पुढची जुडी आधीच्या देठांवर येईल अशी ठेवायची. तार मधे कुठेही तोडायची नाही. फांद्या टानेच्या (फर) घ्याव्यात, फिख्टेच्या (स्प्रूस) नकोत. दोन्ही झाडं लांबून सारखीच दिसतात, पण फिख्टेची सुया-पानं हीटरच्या उबेत आठ-दहा दिवसांत गळतात.

मेणबत्त्या खिळा असलेल्या पत्र्याच्या ताटल्यांवर बसवतात. खिळा आधी ज्योतीवर तापवून मग खुपसला तर मेणबत्ती तडकत नाही. ताटलीचा कंटाळा करू नये. पहिली मेणबत्ती चारही रविवार जळते, चौथी एकदाच. म्हणजे चौथ्या रविवारी पहिली मेणबत्ती जळत-जळत फांद्यांच्या अगदी जवळ आलेली असते आणि तोवर त्या फांद्या चार आठवडे वाळून कोळ झालेल्या असतात. डिसेंबरात अग्निशमन दलाला बोलावणं येतं ते बऱ्याचदा यामुळेच. कॉफी आणायला स्वयंपाकघरात जायचं असेल तरी आधी फुंकर मारावी.

मुलांची मोजणी वेगळी, त्यांची एक डिसेंबरपासून. चोवीस दिवसांचं छापील कॅलेंडर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेरहार्ड लांग यांनी बाजारात आणलं. ते मूळचे इथल्याच माउलब्रोनचे. लहानपणी त्यांची आई पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटं लावून देत असे म्हणतात. घरी चोवीस पुरचुंड्या शिवून भरणारे पुष्कळ आहेत, पण दोन मुलं असतील तर तीस नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत अठ्ठेचाळीस बारीक वस्तू जमवाव्या लागतात. हा हिशेब पहिल्या वर्षी कुणीच करत नाही.

चार डिसेंबरला संत बार्बाराचा दिवस. त्या दिवशी चेरीच्या फांद्या कापून पाण्यात ठेवतात, त्या चोवीसला फुलतात. अट एकच, झाडाला आधी थंडीचा कडाका लागलेला हवा. हल्ली नोव्हेंबर उबदार गेला तर फांद्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात आणि मग कोमट पाण्यात बुडवून काढतात. देठ तिरका कापायचा, पाणी तीन दिवसांनी बदलायचं, फुलदाणी हीटरपासून दूर ठेवायची. गडबड होते ती बहुतेक उबेमुळे. कळ्या लवकर फुगतात आणि वाळून गळतात.

पाचच्या रात्री मुलं बूट घासून-पुसून दाराबाहेर ठेवतात. सहाला सकाळी त्यात संत्री, अक्रोड, चॉकलेटचा निकोलाउस. हा निकोलाउस म्हणजे बिशपची उंच टोपी घातलेला संत. नाताळच्या भेटी तो आणत नाही. त्या कोण आणतं यावर जर्मनीत सरळ दोन तट आहेत. उत्तरेत आणि पूर्वेत लाल झग्यातला वाइनाख्ट्समान, दक्षिणेत आणि पश्चिमेत क्रिस्टकिंड. हा कधी कुणाला न दिसणारा बाळ येशू, पण चित्रांत तो सोनेरी केसांच्या देवदूत मुलीसारखा काढतात. संतांची पूजा नको म्हणून मार्टिन ल्यूथरच्या काळात भेटींचा मान निकोलाउसकडून क्रिस्टकिंडकडे गेला. पुढे उलटंच झालं. आज क्रिस्टकिंड कॅथलिक भागांत जास्त टिकून आहे. न्युर्नबेर्गच्या बाजाराचं उद्घाटन पहिल्या आडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी चर्चच्या सज्जातून क्रिस्टकिंडच करते. त्यासाठी दर दोन वर्षांनी शहरातल्या एका मुलीची निवड होते. स्टुटगार्टकडे बहुतेक घरांत क्रिस्टकिंडच येतं. शेजारच्या मुलांशी बोलण्याआधी त्यांच्या घरी कोण येतं ते आईवडिलांना विचारून घ्यावं, नाहीतर नको तो घोळ होतो.

आता भाजणी. बिस्किटांना श्वाबियन बोलीत गुट्सले म्हणतात, बाकी जर्मनीत प्लेट्सखेन. आपल्याकडच्या फराळासारखाच मामला. सात-आठ प्रकार, पत्र्याचे डबे, प्रत्येक प्रकाराचा डबा वेगळा आणि शेजाऱ्यांना ताट. गोव्यात नाताळच्या गोडाचं ताट शेजारी जातं तसंच. ताट परत देताना रिकामं देत नाहीत, हेही सारखं. क्रम महत्त्वाचा. लेबकूखेन आणि स्प्रिंगर्ले आधी, कारण त्यांना मुरायला वेळ लागतो. दालचिनीचे तारे त्यानंतर, आणि लोण्याची बिस्किटं शेवटच्या आठवड्यात.

लोण्याच्या पिठाचं माप एक-दोन-तीन. १०० ग्रॅम साखर, २०० लोणी, ३०० मैदा. लोणी थंड हवं आणि पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. जास्त मळलं की बिस्किट चिवट होतं आणि भाजताना आकसतं. वनिलाकिपफेर्ल, म्हणजे व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, यांत थोडा मैदा कमी करून १०० ग्रॅम बदामाची पूड घालतात. या कोरी ओव्हनमधून काढल्यावर पाचेक मिनिटं हातही लावायचा नाही, गरम असताना उचलली की मोडते. पण पूर्ण गार झाल्यावर साखरेत घोळलं तर साखर चिकटत नाही. बोटाला सोसवेल इतकी कोमट असतानाच ते उरकायचं. दालचिनीच्या ताऱ्यांत मैदाच नाही, अंड्याचा पांढरा बलक, पिठीसाखर, बदामपूड आणि दालचिनी. वरचा पांढरा थर भाजायचा नसतो, १५० अंशांवर नुसता वाळवायचा असतो. तो तांबूस झाला की इथल्या आज्या काही बोलत नाहीत, फक्त तारा उलटा करून बघतात.

स्प्रिंगर्ले हा श्वाबियन घराचा अभिमान आणि नवख्याची परीक्षा. नाशपातीच्या लाकडात कोरलेले साचे असतात. घोडेस्वार, फुलं, हृदय, पाळणा. काही घरांत ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे निघतात. माप सोपं आहे, ४ अंडी, ५०० ग्रॅम पिठीसाखर, ५०० ग्रॅम मैदा, सुरीच्या टोकावर मावेल एवढं हिर्शहोर्नझाल्झ (आपले बेकरीवाले ज्याला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतात ती पांढरी पूड) आणि ताटात पसरायला अनिस, म्हणजे बडीशेपेपेक्षा बारीक आणि जास्त गोड अशी बी. अवघड आहे ते वेळेचं. अंडी आणि साखर यंत्रावर वीस-पंचवीस मिनिटं फेटावी लागतात. साखरेचा कण बोटाला लागता कामा नये, नाहीतर भाजल्यावर वर बारीक खड्डे पडतात. मैदा चाळून मिसळला की पीठ झाकून रात्रभर ठेवतात.

दुसऱ्या दिवशी एक सेंटिमीटर जाड लाटायचं. पातळ लाटलं तर साचा तळापर्यंत जातो आणि चित्र सपाट येतं. साच्यावर ब्रशने स्टार्चची पूड फिरवून झटकायची, सरळ वरून दाबायचा, सरळ वर उचलायचा. मग कापून अनिस पसरलेल्या ताटात ठेवायचं आणि चोवीस तास तसंच सोडायचं. वाऱ्याच्या झोतात नको, हीटरजवळ नको. या चोवीस तासांतच सगळं ठरतं. वरचा पापुद्रा वाळून घट्ट होतो, तळ ओलसर राहतो. ओव्हनमध्ये गेल्यावर अमोनियाचा वायू फुगतो, त्याला वर वाट नसते, म्हणून तो तळाला ढकलतो आणि सगळं बिस्किट चित्रासकट उभं वर उचललं जातं. खाली जी जाळीदार कड दिसते तिला फ्युसले, म्हणजे पायऱ्या नव्हे, ‘पाय’ म्हणतात. पाय आले तर स्प्रिंगर्ले जमलं. वाळवण कमी झालं तर चित्र फुटतं. एक बाजू उबेकडे राहिली तर ती जास्त वाळते आणि बिस्किट एका बाजूला कलतं. तळही वाळून गेला तर पाय येतच नाहीत, म्हणून भाजायच्या आधी प्रत्येकाचा तळ ओल्या फडक्यावर क्षणभर टेकवतात. १५० अंश, खालची आच, पंधरा ते वीस मिनिटं, वरचा भाग पांढराच राहायला हवा. ओव्हन उघडताना तोंड बाजूला ठेवावं, अमोनियाचा भपका डोळ्यांत जातो. त्याच कारणाने कच्चं पीठ चाटायला मुलांना देत नाहीत.

ताजं स्प्रिंगर्ले दगडासारखं असतं. डब्यात सफरचंदाची फोड ठेवून दोन-तीन आठवडे मुरू दिलं की आतून मऊ होतं. फोड दर तीन दिवसांनी बदलावी, नाहीतर बुरशी सगळ्या डब्याला लागते. म्हणजे पहिल्या आडव्हेंटपर्यंत स्प्रिंगर्ले डब्यात गेलेच पाहिजेत. डिसेंबरच्या मध्यावर करायला घेतलं तर ते नाताळात दात तपासायच्या कामाचे.

श्टोलेन, म्हणजे सुकामेवा घातलेला नाताळचा गोड पाव, बहुतेक लोक विकत आणतात आणि ते योग्यच आहे. ड्रेस्डेनच्या श्टोलेनचं नाव संरक्षित आहे. तिथल्या नियमाप्रमाणे मैद्याच्या १०० भागांना किमान ५० भाग लोणी, ६५ भाग बेदाणे, २० भाग पाकवलेली लिंबू-संत्र्याची साल आणि १५ भाग बदाम लागतात. एवढं वजन उचलून फुगायचं तर यीस्टचा कस लागतो. घरचा श्टोलेन विटेसारखा होतो तो यामुळेच. उपवासाच्या काळात लोणी वर्ज्य होतं, ती बंदी सॅक्सनीपुरती पोपने १४९१ मध्ये पत्र लिहून उठवली. त्याआधीचा श्टोलेन तेल-पाण्याचा होता. कापताना टोकाकडून कापत नाहीत. मधोमध कापून आतल्या बाजूने चकत्या काढायच्या आणि उरलेले दोन भाग पुन्हा एकमेकांना चिकटवून ठेवायचे, म्हणजे काप वाळत नाही.

बाजाराबद्दल थोडक्यात. स्टुटगार्टच्या बाजाराचा लेखी उल्लेख १६९२ चा आहे, ड्रेस्डेनचा श्ट्रिट्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा. शनिवारी संध्याकाळी कुठेही जाऊ नये, मंगळवारी-बुधवारी दुपारी चारला जावं. ग्लूवाइनच्या, म्हणजे मसाला घालून गरम केलेल्या वाइनच्या, मगाची अनामत वेगळी घेतात, तो परत दिला की ती मिळते. घरी ग्लूवाइन करायचा तर वाफ दिसू लागली की गॅस बंद. ७८ अंशांच्या वर दारू उडून जाते आणि लवंग-दालचिनी कडवट होते.

झाड. जुनी रीत अशी की झाड चोवीसच्या सकाळीच उभं करायचं आणि मुलांनी ते संध्याकाळपर्यंत पाहायचं नाही. आता पुष्कळ घरं आठवडा-दोन आठवडे आधी लावतात, पण लहान मुलं असतील तिथे जुनी रीत पाळण्यात अर्थ आहे. सगळी संध्याकाळ झाडाच्या खोलीच्या बंद दारावर उभी आहे. घेतात ते बहुधा नोर्डमान टाने. त्याचं बी मुख्यतः जॉर्जियातल्या जंगलांतून येतं. किंमत मीटरवर, साधारण २० ते ३० युरो. घरात छत अडीच मीटरवर असेल तर झाड दोन मीटरच्या आतलंच घ्यावं, खालचा स्टँड आणि वरची चांदणी मिळून बरीच उंची खातात. बाजारात मोकळ्यावर ते नेहमी लहान दिसतं.

आणल्यावर जाळीतच, गच्चीत किंवा तळघरात, बादलीभर पाण्यात ठेवायचं. घरात आणायच्या आधी बुंध्याची दोन-तीन सेंटिमीटरची चकती कापून टाकायची. जुना काप राळेने बंद झालेला असतो आणि त्यातून पाणी चढत नाही. बुंधा स्टँडमध्ये मावत नाही म्हणून साल तासणारे लोक आहेत. ते करू नये, पाणी बाहेरच्या थरांतूनच वर जातं. मावत नसेल तर स्टँड बदलावा. उबदार खोलीत झाड पहिल्या दिवसांत लिटरभर तरी पाणी पितं. स्टँड एकदा कोरडा पडला की काप पुन्हा बंद होतो, आणि मग कितीही पाणी ओता.

सजवताना आधी दिव्यांची माळ, मग गोळे. माळ वरून खाली, खोडाजवळून टोकाकडे आणि परत आत. नुसती बाहेरून गुंडाळली तर झाड पोतं बांधल्यासारखं दिसतं. काचेचे पातळ गोळे थ्युरिंगियातल्या लाउशा गावचे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते फुंकतात. ते वरच्या फांद्यांवर, गवताचे तारे आणि लाकडाची चित्रं खाली, मुलांच्या आणि मांजराच्या उंचीला. खऱ्या मेणबत्त्या लावणारी घरं अजून आहेत. नियम सोपा आहे. पेटवताना वरून खाली, विझवताना खालून वर, म्हणजे हात कधी जळत्या ज्योतीवरून जात नाही. पाण्याची बादली खोलीत, दिसेल अशी.

चोवीसचं जेवण बघून आपल्या माणसाला धक्का बसतो. बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. एवढंच. आडव्हेंट हा मुळात उपवासाचा काळ, तो चोवीसच्या रात्री सुटायचा, म्हणून साधं जेवण. शिवाय त्या दिवशी कुणालाही चुलीपाशी उभं राहायला वेळ नसतो. उत्तरेत हे सॅलड मेयोनीजमध्ये करतात. श्वाबियन माणसासमोर तसं ठेवू नये. इथली पद्धत अशी. किलोभर घट्ट जातीचे, पाकिटावर ‘फेस्टकोखेंड’ लिहिलेले, बटाटे सालासकट उकडायचे, गरम असतानाच सोलून पातळ चकत्या करायच्या. एक बारीक चिरलेला कांदा, पाव लिटर कडकडीत गरम ब्रूहे (मांसाचा किंवा भाज्यांचा पातळ रस्सा), चार-पाच चमचे व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, मिरी. हे सगळं ओतून वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि तेल सगळ्यात शेवटी. तेल आधी घातलं तर चकतीवर थर बसतो आणि रस्सा आत शिरत नाही. ढवळताना चपचप असा आवाज आला पाहिजे, ही इथली कसोटी. दुपारी बाराला करून ठेवतात आणि फ्रिजमध्ये घालत नाहीत, गार बटाटा घट्ट आणि बेचव होतो. रस्सा भाज्यांचा असेल तर शाकाहारी पाहुण्यालाही ते चालतं. सॉसेजला इथे झायटन म्हणतात. पाणी उकळलं की गॅस बंद करून मग ती आत सोडायची, दहा मिनिटं. उकळत्या पाण्यात टाकली की फुटतात.

चर्चमध्ये मुलांच्या नाटुकल्याची प्रार्थना तीन किंवा चारला असते. वर्षभर न फिरकणारेही त्या दिवशी येतात, त्यामुळे अर्धा तास आधी पोचलं नाही तर भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. कोट काढत नाहीत, आत गारठा असतो. दानपेटीसाठी नोट बाहेरच्या खिशात ठेवावी. प्रोटेस्टंट चर्चमध्ये त्या दिवसाचं दान ‘ब्रोट फ्युर डी वेल्ट’ या मदतसंस्थेला आणि कॅथलिक चर्चमध्ये ‘आडवेनियाट’ या मदतसंस्थेला जातं. शेवटचं गीत सगळे उभे राहून म्हणतात. शब्द येत नसले तरी उभं राहायचं.

साडेचारच्या पुढे अंधार पडतो. घरी परतल्यावर मुलं स्वयंपाकघरात किंवा वरच्या खोलीत, आणि एक जण काहीतरी निमित्ताने नाहीसा होतो. बैठकीच्या खोलीत झाडाचे दिवे लागतात, भेटी खाली मांडल्या जातात, प्रत्येकाच्या नावाची संत्री, अक्रोड आणि गुट्सले भरलेली रंगीत ताटली ठेवली जाते, खिडकी थोडी उघडी. मग छोटी घंटा वाजते. दार उघडतं तेव्हा खोलीत कुणी नसतं, फक्त झाड. क्रिस्टकिंड नुकतंच खिडकीतून गेलेलं असतं. याला बेशेरुंग म्हणतात. घंटा वाजवणारा माणूस दार उघडायच्या आत मागच्या दाराने येऊन घोळक्यात मिसळला पाहिजे. हे जमवायला घराची रचना आधी बघून ठेवावी लागते.

आत गेल्यावर लगेच कागद फाडायचे नसतात. आधी एखादं गाणं, किंवा धाकट्याने पाठ केलेली कविता, किंवा बासरीवरचे चार सूर. मग एकेकाने भेट उघडायची आणि बाकीच्यांनी बघायचं. बहुतेक घरांत धाकट्यापासून सुरुवात. याला तास-दीड तास जातो. घाई करणारा इथे असंस्कृत ठरतो. भेट बदलायची असेल तर एक ध्यानात ठेवावं. दुकानातून घेतलेली वस्तू केवळ आवडली नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार कायद्याने बांधलेला नाही, ती त्याची मर्जी. ऑनलाइन घेतलेल्याला चौदा दिवसांचा हक्क असतो, पण नोव्हेंबरात मागवलं तर ते चौदा दिवस नाताळाआधीच संपतात.

चोवीसच्या संध्याकाळी कुणाच्या दारावर जायचं नाही, फोनही करायचा नाही. ती वेळ घरच्यांची. एखाद्या जर्मन घराने तुम्हाला चोवीसला बोलावलं तर तो मोठा मान समजावा. साधारणतः बोलावणं सव्वीसचं येतं. जाताना घरी केलेल्या खाण्याचा डबा न्यावा. चकली आणि शंकरपाळे इथे लगेच संपतात, बेसनाच्या लाडवाचे मात्र दोन तट पडतात.

पंचवीसला दुपारी गान्स, म्हणजे पाळीव हंस. साडेचार किलोचा पक्षी सहा जणांना पुरतो, त्यात हाडं आणि चरबीच जास्त. खाटकाकडे नोव्हेंबरअखेर नाव नोंदवून तेवीसला उचलायचा. गोठवलेला असेल तर फ्रिजमध्ये पूर्ण दोन दिवस सुटायला हवेत, नाहीतर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. पोटात सफरचंद, कांदा आणि बायफुस नावाचा दवण्याच्या कुळातला पाला. पंखांखाली आणि मांड्यांखाली कातडीला टोचे मारायचे, पण मांसापर्यंत नाही. मग चरबी बाहेर येते आणि रस आत राहतो. १६० ते १७० अंश, किलोला साधारण एक तास, पहिला तास छाती खाली. चरबी मधूनमधून काढून घ्यायची, अर्धा लिटर तर सहज निघते. ती गार करून ब्रेडला लावतात. शेवटची पंधरा-वीस मिनिटं मिठाचं पाणी फिरवून आच २२० वर, त्याने कातडी कुरकुरीत होते. सोबत बटाट्याचे गोळे, जे उकळत्या पाण्यात टाकले तर विरघळतात, आणि लाल कोबी. कोबीत व्हिनेगर किंवा सफरचंद लवकर घातलं तर तो लाल राहतो, नाहीतर निळा होतो. दक्षिणेत त्याला निळा कोबी आणि उत्तरेत लाल कोबी म्हणतात त्याचं मूळ या आंबटपणात आहे. तो चोवीसलाच करून ठेवावा, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

सव्वीसपासून श्वाबियन गावांत क्रिस्टबाउमलोबेन सुरू होतं. शेजारी येतात, झाडासमोर उभे राहतात आणि मोठ्याने म्हणतात, काय सुंदर झाड! मग यजमानाला श्नॅप्सचा छोटा पेला भरावाच लागतो. झाड वाकडं असेल तर स्तुती आणखी जोरात. पाच घरं केली की पाच पेले होतात, तेव्हा गाडी घरी ठेवावी.

नाताळ ते सहा जानेवारीच्या मधल्या रात्री मंतरलेल्या मानतात. जुन्या घरांत या दिवसांत दोरीवर कपडे वाळत घालत नाहीत, आकाशातून जाणारी भुतांची स्वारी दोरीत अडकते म्हणून. विश्वास नसला तरी धुणं तेवीसपर्यंत उरकलेलं बरं, पाहुण्यांच्या घरात ओले कपडे कुठे टांगणार? केहरवोखे, म्हणजे जिना झाडायची पाळी, मात्र नाताळातही चुकत नाही. झाड वर नेताना जिन्यात पडलेल्या सुया ज्याचं झाड त्याच्या.

सहा जानेवारी, तीन राजांचा दिवस, इथे सुट्टीचा असतो. बायर्न आणि झाक्सन-आनहाल्टमध्येही असतो, बाकी राज्यांत नाही. त्याच्या आसपास कागदी मुकुट घातलेली मुलं दारोदार येतात, गाणं म्हणतात आणि चौकटीवर खडूने लिहितात, २०२६ मध्ये ते असं होतं: २०*क+म+ब+२६, अर्थात लॅटिन अक्षरांत. मधली तीन अक्षरं म्हणजे ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’ या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं. लोक ती कास्पर, मेल्खियोर, बाल्टाझार या तीन राजांची समजतात. मुलांच्या बंद डब्यात गरीब देशांतल्या मुलांसाठी पैसे टाकायचे आणि गोळ्या-चॉकलेट त्यांच्यासाठी वेगळी. खडूचं लिखाण पुसत नाहीत, पुढच्या वर्षीपर्यंत राहू देतात.

त्यानंतरच्या एखाद्या शनिवारी सकाळी गावातले तरुण ट्रॅक्टर घेऊन झाडं गोळा करतात, झाडामागे दोन-चार युरो दान. झाड आदल्या रात्रीच फुटपाथवर ठेवावं, पूर्ण सोलून. चमकीची एक पट्टी राहिली तरी ते घेत नाहीत. खिडकीतून खाली टाकणारे आहेत, पण त्याआधी खाली कुणाची गाडी लावलेली नाही ना ते बघावं. खोलीतून नेताना जुन्या चादरीत गुंडाळलं तर सुया निम्म्याच सांडतात. हाताला लागलेली राळ साबणाने जात नाही, खाद्यतेल चोळून मग साबण लावावा.